घराचे कागद कोण बघणार?

माझा धाकटा भाऊ दम्मामला अकरा वर्षं काढून गेल्या वर्षी कायमचा परत आला. येताना सामान कमी आणि एकच निश्चय सोबत, आता भाड्याच्या घरात राहायचं नाही. गाठीला बेचाळीस लाख होते. बँकेचं कर्ज घ्यायचं नाही, कारण व्याज द्यायचं नाही, हे त्याचं आणि भावजयीचं आधीपासून ठरलेलं. एजंटला दोन टक्के द्यायचे नाहीत, हेही ठरलेलं. वकिलाचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "आपा, तू शाळेत इतकी वर्षं कागदपत्रंच बघत आलीस. तूच बघ ना. वकिलाला पैसे कशाला?"

मी हो म्हटलं. मी वकील नाही, शिक्षिका आहे. पण सातबारा वाचता येतो, अर्ज लिहिता येतो आणि सरकारी कचेरीत खेटे घालायला कंटाळत नाही. चार महिने आम्ही हे काम केलं. त्यातलं किती आम्हाला स्वतःला जमलं आणि कुठे पाय अडखळला, ते इथे लिहिते आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ईदच्या सुट्टीत कोणीतरी परदेशातून येतं, पंधरा दिवसांत फ्लॅट बघतं, टोकन देतं आणि परत जातं. त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट, जी माझ्याही फार उशिरा लक्षात आली. कर्ज काढून घर घेणाऱ्याच्या कागदांवर निदान एका जाणकाराची नजर पडते. बँक आपल्या वकिलाकडून मालकीचा शोध घेते, किमतीचा अंदाज काढायला माणूस पाठवते, मंजूर नकाशा मागते. हे सगळं बँक स्वतःच्या पैशासाठी करते, आपल्यासाठी नव्हे. तरी कागदात मोठी खोट असेल तर कर्ज नाकारलं जातं आणि घेणारा सावध होतो. कर्ज न घेणाऱ्याला ही चाळणी मिळत नाही. त्याची आयुष्यभराची कमाई, भावजयीचे दागिने, कुणा नातलगाची बिनव्याजी उसनवार, सगळं एका चेकने जातं आणि ते कागद त्याच्याशिवाय कोणीच वाचलेले नसतात. कर्ज घ्यावं की नाही यावर इथे मला काही म्हणायचं नाही, तो ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न. पण व्याज टाळणाऱ्याला बँकेचा वकील मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवूनच "मदत हवी की नको" याचा विचार करावा लागतो.

एजंटचं मात्र भावाने बरोबर ओळखलं होतं. एजंट घर दाखवतो, भाव जुळवतो, दोन्हीकडच्या माणसांना एका टेबलावर बसवतो. ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला वस्ती माहीत आहे, त्याला हे स्वतः करता येतं. आम्ही मुंब्रा-कौसा भागातल्या इमारतींच्या वॉचमनना विचारलं, मशिदीबाहेर ओळखीच्या लोकांना सांगून ठेवलं, सोसायट्यांच्या फलकांवरचे "विकणे आहे" वाचले. तीन आठवड्यांत नऊ घरं पाहिली. नव्या प्रकल्पातला फ्लॅट एजंटमार्फत घेणार असाल, तर त्याच्याकडे महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का एवढं मात्र जरूर विचारा. कागद तपासणं हे एजंटचं काम नाही आणि व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, हे विसरू नये.

पहिलं घर भावजयीला फार आवडलं. चौथा मजला, मोठी खिडकी, मदरसा दोन मिनिटांवर आणि किंमत फक्त सोळा लाख. विकणाऱ्याने फाइलच समोर ठेवली: रजिस्टर केलेला करारनामा, घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिल. "सगळं क्लिअर आहे," तो म्हणाला.

मी विचारलं, "इमारतीची सीसी आणि ओसी?"

"ती इथे कुणाकडेच नसते, बाजी."

सीसी म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा महापालिकेचा दाखला. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली, आता तिथे राहायला हरकत नाही, असं महापालिकेने दिलेलं पत्र. हे दोन कागद नसतील तर बाकीची फाइल कितीही जाड असो, तिला फारसा अर्थ नाही. करारनामा रजिस्टर झाला म्हणजे इमारत अधिकृत ठरते, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतो, मुद्रांक शुल्क बरोबर भरलंय का ते बघतो. विकणारा खरा मालक आहे की नाही, इमारतीला परवानगी आहे की नाही, याची हमी तो देत नाही. घरपट्टी अनधिकृत इमारतीलाही लागते. वीजही मिळते.

सीसी-ओसी खरंच आहे का, हे कळायला वकील लागत नाही. महापालिकेच्या शहर विकास विभागात माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा, फी १० रुपये. इमारतीचं नाव, सर्व्हे नंबर लिहायचा आणि मंजूर नकाशा, सीसी व ओसीच्या साक्षांकित प्रती मागायच्या. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. आम्हाला उत्तर आलं की अशा परवानगीची नोंद आढळत नाही. आम्ही ते घर सोडलं.

भावजय दोन दिवस बोलली नाही. "तिथे शंभर कुटुंबं राहतात, ती काय वेडी आहेत?" हा तिचा प्रश्न. वेडी नाहीत, त्यांच्याकडे सोळाच लाख होते. मी तिला ४ एप्रिल २०१३ची आठवण दिली. शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं किती तरी. तीही परवानगीवाचून उभी राहिलेली इमारत होती. पडली नाही तरी पाडली जाण्याची भीती असतेच. नालासोपाऱ्यात २०२५च्या सुरुवातीला न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या घरांसाठीही लोकांनी पैसे मोजले होते.

नव्या इमारतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण आमची धाव तिथे फार वेळ टिकली नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला की परवानग्या, जमिनीच्या मालकीबद्दल वकिलाचा अहवाल, प्रकल्पावरचं कर्ज, चालू दावे आणि पूर्ण होण्याची तारीख दिसते. कोणीही घरबसल्या पाहू शकतो. रजिस्टर करारनामा करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव कार्पेट एरियावर विचारायचा. पण रेराचा नंबर म्हणजे अभयपत्र नव्हे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी खोट्या परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवल्याचं उघडकीस आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. तिथे घर घेणाऱ्यांनी रेरा नंबर पाहिलाच होता. म्हणून तिथेही महापालिकेकडून सीसीची खात्री करून घ्यावी. दहा रुपयांचा तोच अर्ज.

शेवटी मनासारखं घर मिळालं. जुनी इमारत, पण ओसी असलेली. सोसायटी नोंदलेली, जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावावर झालेलं. तिसरा मजला, एक बेडरूम, हॉल, किचन. भाव ३८ लाखांवर ठरला. विकणारे गृहस्थ भले वाटले. बोलणं नम्र, जुम्याला भावाच्याच सफमध्ये उभे राहणारे. फाइल घेऊन मी रविवारी सकाळपासून बसले.

घराची साखळी अशी होती. बिल्डरने १९९८ साली पहिल्या माणसाला विकलं, त्याने २००६ साली या गृहस्थांच्या वडिलांना. २००६च्या दस्ताची सूची क्रमांक २ मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये शोधली, फुकट मिळाली. जुन्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं, तेही केलं. सगळं जुळलं. घरपट्टी भरलेली, मेंटेनन्सची थकबाकी नाही. मी भावाला फोन करून "मुबारक" म्हणणार होते.

मग शेअर सर्टिफिकेट उलटं केलं. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात. शेवटची नोंद २०१९ची, वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर. पण २००६नंतरचा एकही दस्त फाइलमध्ये नव्हता. ना विक्री, ना बक्षीस, ना हक्कसोड. मग घर मुलाचं झालं कसं?

संध्याकाळी त्यांना विचारलं. "अब्बांचा इंतकाल झाला ना २०१८ ला. नॉमिनी मीच होतो. सोसायटीने माझ्या नावावर केलं."

"घरात आणखी कोण कोण?"

"अम्मी माझ्याकडेच असतात. दोन बहिणी. एक चिपळूणला, एक कुवेतला. त्यांची लग्नं होऊन जमाना झाला."

ई-सर्चवर हे कधीच दिसलं नसतं. तिथे व्यवहाराची नोंद असते. मृत्यू हा व्यवहार नाही, त्याची सूची क्रमांक २ निघत नाही. आपल्याकडे तर माणूस गेला त्याच घडीला वारसांचे हिस्से ठरतात, त्यासाठी कुठे सही करावी लागत नाही. कागदावर एक नाव राहतं आणि मालकी चार जणांची झालेली असते.

हिशेब आपल्या घरात मुलांनाही करता यावा इतका सोपा आहे. मयताच्या मागे बायको, एक मुलगा आणि दोन मुली. मयताचे आईवडील आधीच गेलेले. ते असते तर त्यांचाही प्रत्येकी सहावा भाग निघाला असता. मुलं आहेत म्हणून बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. घराचे ३२ भाग केले तर अम्मींचे ४, मुलाचे १४ आणि दोन्ही मुलींचे ७-७. म्हणजे ३८ लाखांतले त्या गृहस्थांचे १६,६२,५०० रुपये. अम्मींचे ४,७५,०००. एकेका बहिणीचे ८,३१,२५०. ज्यांच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट होतं, त्यांचा स्वतःचा हिस्सा निम्माही नव्हता. माझा भाऊ पूर्ण ३८ लाख त्यांना देऊन मोकळा झाला असता, तर घरातल्या १८ भागांचे मालक उद्या दारात उभे राहू शकले असते. आणि ते चुकीचे नसते.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. सोसायटीला नोटीस कुणाला पाठवायची, मेंटेनन्स कुणाकडे मागायचा, यासाठी एक नाव लागतं, ते नॉमिनीचं. त्याने वारसांचा हक्क संपत नाही. सोसायटीचे सेक्रेटरीही मला म्हणाले की नॉमिनी म्हणजेच मालक. ते बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले आहेत!

इथे मी हात टेकले. कागदात काय नाही ते मला दिसलं, पण जे नाही ते कसं उभं करायचं हे ठाऊक नव्हतं. भावाला म्हटलं, आता वकील. ठाण्यात दिवाणी काम करणाऱ्या एक मॅडम एका सहकारी शिक्षिकेच्या ओळखीने मिळाल्या. मालकीचा शोध, जाहीर सूचना, दस्ताचा मसुदा आणि नोंदणीच्या दिवशी हजेरी, सगळ्याचे त्यांनी अठरा हजार सांगितले. भाव कुरकुरला. ३८ लाखांत अठरा हजार म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही, हे गणित त्याच्या बायकोने त्याला करून दाखवलं.

पहिल्या बैठकीत त्या गृहस्थांनी नवीच गोष्ट काढली. "अब्बांनी हयातीतच मला तोंडी हिबा केला होता. मामू साक्षीला होते." मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं त्या हसून सोडून देतील. तसं झालं नाही.

"तोंडी हिबा होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "मुस्लिम कायद्यात देणाऱ्याने जाहीर केलं, घेणाऱ्याने स्वीकारलं आणि ताबा दिला, तर रजिस्टर न करताही तो चालतो. सर्वोच्च न्यायालयानेही ते मानलंय. पण तुमचे वडील शेवटपर्यंत त्याच घरात राहत होते, घरपट्टी त्यांच्याच नावाने भरली जात होती. बहिणींनी नाकारलं तर तुम्हाला कोर्टात शाबीत करावं लागेल. कदाचित कराल. पण हे दावा विकत घेणार नाहीत, घर विकत घेणार आहेत."

मग त्या शांतपणे म्हणाल्या, "बहिणींना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. घर विकतोय हेही सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचा महिना अवघड गेला. ते गृहस्थ चिडले. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणाले, ईदच्या आधी दोन लाख टोकन द्या नाहीतर राहू द्या म्हणाले. भाऊ डगमगला; घर हातचं जातंय असं त्याला वाटू लागलं. आमच्या एका चुलतभावानेही त्यालाच दटावलं की जुम्याच्या सफमधल्या माणसाकडे कागद मागतोस? सूरह बकरामधली देण्याघेण्याचं लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगणारी ती लांब आयत आपल्या सगळ्यांना माहीत असते. नात्यातला किंवा ओळखीचा माणूस समोर आला की मात्र लिहून मागायची लाज वाटते. मॅडमनी मधला मार्ग काढला. टोकन ५१ हजार, चेकने, एका पानाच्या लेखी पावतीवर, दोन साक्षीदारांसह. सर्व वारस विक्रीला तयार झाले नाहीत तर रक्कम पंधरा दिवसांत परत, हे वाक्य त्यात ठळक.

आठ लाख रोख मागितले होते, तेही तिथेच संपलं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रक्कम रोख स्वीकारायला कायद्याने मनाई आहे. शिवाय सौदा फिसकटला तर कागदावर नसलेले पैसे कोणत्या तोंडाने परत मागणार?

चिपळूणच्या बहिणीला भेटायला मी स्वतः गेले. हे वकिलाचं काम नव्हतं आणि खरं तर माझंही नव्हतं. पण तिच्या भावाने "आपा, तुम्ही बोला, माझ्याने होणार नाही" म्हटलं तेव्हा मला त्याचीही थोडी कीव आली. तो लबाड नव्हता. बहिणींचा हिस्सा त्यांच्या लग्नातच गेला, असं त्याच्या आजूबाजूला सगळेच धरून चालत होते. बहीण पन्नाशीची, शिवणकाम करून घर चालवणारी. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी भावाच्या विरुद्ध जाणार नाही. हक्कसोड लिहून देते."

मी तिला सांगितलं की ती तिची मर्जी. पण हक्कसोडपत्रसुद्धा रजिस्टर करावं लागतं, आणि सही करण्याआधी आपला हिस्सा किती आहे हे माहीत असावं. आकडा मी कागदावर लिहून दिला आणि निघाले. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ती सही करणार होती, विकणारी म्हणून.

कुवेतच्या बहिणीला येणं शक्य नव्हतं. तिने तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन कुलमुखत्यारपत्र केलं, भावाच्या नव्हे, बहिणीच्या नावाने. परदेशातून आलेल्या अशा पत्रावर ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. मुखत्यारपत्र आहे म्हणजे विक्री झाली असंही नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलंय. परदेशात असलेल्या मालकाच्या वतीने त्याचा मेहुणा किंवा मित्र घर विकायला आला, तर मूळ पत्र बघा, त्यात विकण्याचा आणि नोंदणीचा अधिकार दिलाय का ते बघा आणि मालकाशी व्हिडिओवर स्वतः बोला.

तिच्यामुळे आणखी एक गाठ निघाली, ती सनदी लेखापालाकडूनच सोडवावी लागली. ५० लाख किंवा त्यावरचं घर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. आमचं घर ३८ लाखांचं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण विकणारा परदेशस्थ असेल तर ना ती ५० लाखांची मर्यादा लागू होते, ना तो १ टक्क्याचा दर. तिच्या हिश्श्यावरचा कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आली, त्यासाठी भावजयीच्या नावाने टॅन क्रमांक काढावा लागला. हे चुकलं असतं तर नोटीस आम्हालाच आली असती. आखातातल्या माणसाकडून घर घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. आपल्या वस्त्यांत अर्धी घरं तशीच असतात.

भावजयीच्या नावाने का, हेही सांगते. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. ठाण्यात ७ टक्के म्हणजे २,६६,००० भरावे लागले असते, ६ टक्क्यांनी २,२८,००० झाले. हे शुल्क कराराची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. अडतीस हजार वाचले खरे. पण अशा सवलतीसाठी बायकोचं नाव घालणाऱ्यांनी हेही समजून घ्यावं की मग ते घर तिचं झालं, नावापुरतं नव्हे. आमच्या अम्मींनी भुवई उंचावली होती. भाऊ म्हणाला, "अकरा वर्षं तिने एकटीने घर सांभाळलंय." विषय संपला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. वकील न घेता घर घेता येतं का? माझं मत असं झालंय की घर नाकारायला वकील लागत नाही. सीसी, ओसी, सूची क्रमांक २, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी हे कोणीही शहाणा माणूस तपासू शकतो आणि दहातली सात-आठ घरं एवढ्यावरच बाद होतात. हे काम वकिलावर टाकून पैसे घालवू नयेत. पण घर घ्यायचं ठरलं, कर्ज नाही म्हणून बँकेची चाळणी नाही, आणि घराच्या साखळीत कुठेही एक मृत्यू आहे, तर वकिलाची फी घराच्या किमतीतच धरा. बिल्डरकडून एका हाती आलेला फ्लॅट, पहिला मालक हयात, समोर बसून सही करणारा, ओसी आणि सोसायटी दोन्ही असलेली, तिथे मी स्वतः कागद बघून पुढे जायचं धाडस करेन. तेही दस्ताचा मसुदा एकदा कुणाला तरी दाखवूनच.

गावाकडच्या घर-जागेच्या बाबतीत मात्र मी हे धाडस अजिबात करणार नाही. कोकणातल्या आमच्याच सातबाऱ्यावर आजोबांच्या नावामागे सतरा नावं आहेत. त्यातली तीन मयत, दोन पाकिस्तानात गेलेल्यांची आणि एका नावापुढे "अ.पा.क. आई". म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. इथे फार लोक फसतात. वडील गेल्यावर लहान मुलांच्या वतीने आई सही करते आणि घेणारा समाधानाने पैसे देतो. पण आपल्या व्यक्तिगत कायद्यात आई मुलाला सांभाळते, तरी त्याच्या मिळकतीची कायदेशीर पालक ठरत नाही. कोर्टाने नेमल्याशिवाय तिला मुलाचा हिस्सा विकता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली दिलेला तो निर्णय आजही सांगितला जातो. तसा व्यवहार मुळातच रद्दबातल धरला जातो. इतर हक्काच्या रकान्यात किंवा मालमत्ता पत्रकावर मशीद, दर्गा, कब्रस्तान किंवा वक्फचा उल्लेख दिसला तर तिथेच थांबावं. वक्फची जमीन विकायचा अधिकार मुतवल्लीलाही नसतो. आणि सातबारा ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे, हे गावातले जाणते लोकही विसरतात.

जाहीर सूचना एका मराठी आणि एका उर्दू वृत्तपत्रात दिली. चौदा दिवसांत कुणाची हरकत आली नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही मंगळवारी गेलो. विकणारे चौघं: अम्मी, मुलगा, चिपळूणची बहीण स्वतःसाठी आणि कुवेतच्या बहिणीची मुखत्यार म्हणून. अम्मींचा अंगठा मशीन दोनदा घेईना. इतकी वर्षं भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत, असं त्या हसत म्हणाल्या. चार वेगवेगळे डिमांड ड्राफ्ट होते. चिपळूणच्या बहिणीने त्या आठवड्यातच स्वतःच्या एकटीच्या नावाने बँकेत खातं उघडलं होतं. पासबुक तिने ओढणीत गुंडाळून आणलं होतं. तिचा भाऊ बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आला.

सोसायटीचं काम उरलं होतं. सेक्रेटरींनी हस्तांतरासाठी एक लाख "डोनेशन" सांगितलं. मी उपविधींची प्रत पुढे ठेवली: हस्तांतर प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००, हस्तांतर फी ५००, प्रवेश फी १००. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. पावती २५,६०० रुपयांची मिळाली, भावजयीच्या नावाने.